नंबर सातचा हंस

"वाका गुरुजी, वाका! इथून कैदी वाकूनच आत जायचे," इंदूताई आतून ओरडल्या, पण तोवर माझं कपाळ चौकटीला आपटलं होतं.

ओव्हरसियरच्या बागेला साधं फाटक नाही. मेंदीच्या कुंपणात मधोमध आमच्या संस्थानच्या जुन्या तुरुंगाचा दरवाजा उभा केलाय. मोठी दारं कायमची बंद, आणि त्यातल्या एवढ्याशा दिंडीतून आत शिरायचं. मेंदी हातानं बाजूला सारून कुणीही आत जाईल, पण रीत म्हणजे रीत. मी कपाळ चोळत बाजूला झालो आणि माझ्या मागून हणमंत आला. माझ्यापेक्षा वीतभर उंच माणूस, पण असा बरोबर वाकला की टोपीलाही धक्का लागला नाही. कुठं आणि किती वाकायचं हे त्याला पहिल्यापासून कळतं.

"या, इंगवलेसाहेब!" इंदूताई म्हणाल्या.

मी गुरुजी आणि तो साहेब. चला, म्हटलं, सुरुवात झाली.

ह्याला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो, हायस्कुलात पोरांना सुतारकाम शिकवून नुकताच निवृत्त झालेला. हणमंत इंगवले पुण्याचा. मोठं वर्कशॉप, हाताखाली चाळीस माणसं, देवळांचे सभामंडप, खांद्यावर चार शाली पडलेल्या. पण मूळचा तो आमच्या घरातला. आईबाप नसलेला, बारा वर्षांचा असताना माझ्या वडिलांकडे काम शिकायला आला. माझ्या शेजारी जेवला, माझ्या वाकळेत झोपला. वडिलांना मी दादा म्हणायचो, तो मिस्त्री म्हणायचा. दादांनी आम्हां दोघांना शिकवलं, आणि माझी जन्माची तक्रार एवढीच, की दोघांना सारखं शिकवलं नाही.

आम्हांला बोलावलं होतं एका हंसासाठी. गावातलं श्रीविलास नाट्यगृह आदल्या वर्षी पाडलं. ते बांधलं तेव्हा त्याचं सगळं लाकूडकाम दादांचं होतं. सज्जांना आधार म्हणून सागवानाचे आठ कोरीव ब्रॅकेट केले होते, प्रत्येकावर एकेक हंस. त्यातला मुख्य दाराच्या डोक्यावरचा तेवढा हाताला लागला, आणि तो ह्या बागेत आला. आता त्याच्याजवळ पाटी लावायची होती आणि पाटीवर करणाऱ्याचं नाव हवं होतं. सगळं गाव चाळीस वर्षं सांगत आलं होतं की तो हंस हणमंतानं केला.

तो मी केला होता. ह्या ह्या हातांनी. आणि हे मी कुणालाही सांगू शकत नव्हतो.

"आधी बाग बघा," इंदूताई म्हणाल्या. "हंस कुठं उडून जात नाही."

इंदूताई म्हणजे ओव्हरसियर बापूसाहेब दाभोळ्यांची मुलगी. तेव्हा सत्तरीच्या. नऊवारी, पायांत कॅनव्हासचे बूट, एका हातात काठी आणि दुसऱ्यात पांढऱ्या रंगाचा डबा. बापूसाहेब संस्थानात बांधकामावर होते. बांधायचे थोडं, आणि जुनं पाडायची कामंच त्यांच्या नशिबी जास्त आली. प्रत्येक इमारत पाडताना ते एक वस्तू बैलगाडीत घालून घरी आणायचे. त्यांची बायको म्हणायची, लोकांचे नवरे भाजी आणतात, आमचे खांब आणतात.

त्याची ही बाग झाली. कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा, त्यात पपईचं झाड, वरून बाहेर डोकावणारं. हत्तीखान्यातला साखळदंडाचा दगड, त्यावर कोरफड. पाण्याच्या जुन्या टाकीचा लोखंडी गोल जिना चौदा पायऱ्या वर चढतो आणि संपतो. वर काही नाही, नुसतं आभाळ. नदीच्या बाजूला एक खिडकी उभी आहे, भिंत नसलेली. तिच्या दोन्ही बाजूंनी नदी उघडी दिसते, पण इंदूताई प्रत्येक पाहुण्याला ती खिडकी उघडून नदी बघायला लावायच्या.

"उघडा की, इंगवलेसाहेब."

हणमंतानं कडी काढली, दारं लोटली, नदीकडं बघितलं आणि म्हणाला, "बिजागरी कुणाची हो? अजून आवाज नाही करत."

इंदूताई खूश. मलाही तोच प्रश्न सुचला होता. खरंच सुचला होता. पण तो आधी बोलला.

प्रत्येक वस्तूजवळ एक लहानशी पाटी. 'जिना. केला इस्माईल लोहार यांनी. होता पाण्याच्या टाकीला.' बस, एवढंच. राजाचं नाव नाही, वर्गणीदाराचं नाही, उद्घाटन कुणी केलं ते नाही. बापूसाहेबांचा नियमच तो. नाव करणाऱ्याचं, आणि तेही पुरावा असेल तरच. कागद हवा, नाहीतर वस्तूवरच खूण हवी. पुरावा नसेल तर पाटीवर लिहायचं, 'करणारा माहीत नाही'. अशा पाट्या बागेत पुष्कळ. मी त्या एकेक वाचत चाललो होतो.

"आमच्या बापूंना लोकांच्या आठवणींवर विश्वास नव्हता," इंदूताई म्हणाल्या. "म्हणायचे, आठवणीला पाया नसतो. पण तुमच्या हंसाचं काम सोपं आहे. श्रीविलासच्या दप्तरात मला मिस्त्रींची यादी मिळाली. त्यांच्या हातची." त्यांनी कनवटीतून घडी काढली. "एक, हणमंत. सात, मनोहर, म्हणजे तुम्ही. बाकीचे सहा स्वतः. आणि नंबर म्हणे प्रत्येकाच्या कुसवावर कोरलेला असतो. काढून बघायचं. एक रेघ की सात रेघा. झालं!"

माझे पाय जागच्या जागी थांबले.

कुसू म्हणजे लाकडाचं ते टोक, जे दुसऱ्या लाकडाच्या भोकात जाऊन बसतं. आमच्याकडं नग करताना प्रत्येकाच्या कुसवावर पटाशीनं उभ्या रेघा मारतात, म्हणजे वर चढवताना कुठला कुठं बसवायचा ते कळतं. एकदा बसलं की ती खूण कायमची आत. इमारत पडेपर्यंत ती कुणी बघत नाही. त्या हंसाच्या कुसवावर काय आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं, असं मी समजत होतो. तिथं एक रेघ होती. सात रेघा असायला हव्या होत्या, पण एक होती, कारण ती मी मारली होती.

आता सांगूनच टाकतो. मी वीस वर्षांचा होतो, हणमंत एकविसाचा. श्रीविलासचं काम शेवटाला आलं होतं. दादांनी आम्हां दोघांना एकेक हंस दिला. त्याला म्हणाले, "हणमंता, तुझ्या हंसाची मान पुढं काढ. चोच लांब ठेव. पिसं मोठी घे, खोल घे." आणि मला म्हणाले, "मन्या, तुझ्या हंसानं अंग आवळून बसायचं. चोच छातीशी. पिसं बारीक. जमेल तेवढी बारीक."

म्हणजे बघा! त्याचा हंस झेपावणार आणि माझा थंडी वाजल्यासारखा बसणार. वर नंबर दिले. त्याला एक, मुख्य दाराच्या बरोबर डोक्यावर. मला सात, बायकांच्या जिन्यात. त्या काळी थिएटरात बायकांच्या सज्जाला वेगळा जिना असायचा, बाजूच्या बोळातून. तिथं माझा हंस. पुरुषमाणूस त्या जिन्यावर पायसुद्धा ठेवत नसे.

मी तीन आठवडे पिसं कोरली. एवढी बारीक की डोळ्यांतून पाणी यायचं. आपल्याला कमी दिलंय तर त्यातूनच दाखवतो, अशी ईर्ष्या. दादा येता-जाता बघायचे, अंगठा फिरवायचे आणि पुढं जायचे. "बरंय," एवढंच. हणमंताजवळ मात्र बसायचे, त्याची पटाशी हातात घ्यायचे, "असं, अजून खोल, भिऊ नको," असं चालायचं. माझं काळीज जळायचं. तो परका आणि मी पोटचा, आणि मांडीला मांडी लावून बसायचं ते परक्याशी!

बसवायच्या दिवशी सकाळी सगळे न्याहारीला गेले. मी नाही गेलो. माझ्या हंसाच्या कुसवावर रंधा मारला, सात रेघा तासून काढल्या आणि एक मारली. हणमंताच्या एकीला शेजारी सहा जोडल्या. दहा मिनिटांचं काम. मग जाऊन कांदापोहे खाल्ले. चांगले दोन वाट्या.

"काय गुरुजी, ऊन लागलं का?" इंदूताई विचारत होत्या.

"नाही, नाही."

"मग चला. हंस त्या चिकूखाली आहे."

हंस एका जाड बुंध्यावर बसवला होता, कमरेएवढ्या उंचीवर. चाळीस वर्षांनी मी तो जवळून बघत होतो. थिएटरात असताना खालून बघायचो, पण एवढ्या उंचावर होता की नुसता एक गोळा दिसायचा. काही पोरं त्याला बदक म्हणायची. मला राग यायचा, पण खालून दिसायचंच तसं. आता इथं कमरेशी वाकून बघितला. एकेक पीस सुटं. पिसाच्या मधली शीरसुद्धा. पावसानं, धुरानं काळा पडला होता, पण काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं.

"इथं येणाऱ्या बायका ह्याला हात लावल्याशिवाय पुढं जात नाहीत," इंदूताई म्हणाल्या. "माझा जन्म गेला श्रीविलासला नाटकं बघत. दारावर हा आहे हे मला कधी दिसलंच नाही, बघा! एवढं नाजूक काम कुणी एवढ्या उंचावर लावतं का?"

हणमंत माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, आता हा छाती फुगवणार. त्यानं ती आधी एकदा फुगवली होतीच. श्रीविलासचं उद्घाटन झालं त्या दिवशी. पाहुण्यांनी दाराशी थांबून वर बघितलं आणि विचारलं, "हा पहिला हंस कुणी कोरला?" दादांनी आधी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला बोलता येत होतं का? 'माझा' म्हटलं तर नंबर बदलला हे कबूल करायला हवं. मी जमिनीकडं बघितलं. मग दादा म्हणाले, "हणमंतानं." आणि पाहुण्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून हणमंताच्या डोक्यावर ठेवला. माझ्या हंसाचा फेटा! आणि ह्या गड्यानं तो मुकाट घेतला. एवढे आठ महिने शेजारी बसून लाकूड कोरलं, आपलं काम आपल्याला ओळखू येत नाही? येतंच. तरी घेतला. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. वर्षाच्या आत मी पटाशी खाली ठेवली आणि शाळेत नोकरी धरली. दादांनी अडवलं नाही.

इंदूताईंनी माळ्याला हाक मारली. माळी आणि हणमंत दोघांनी हंस हलवून हलवून बुंध्यातून उपसला. मी हात लावला नाही. कुसू मातीनं बरबटलं होतं. इंदूताईंनी चष्मा चढवला, पदरानं एक बाजू पुसली.

"एक!" त्या म्हणाल्या. "एकच रेघ आहे. म्हणजे इंगवलेसाहेब, तुमचाच. झालं की काम."

हणमंत म्हणाला, "ह्याला विचारा."

"ह्यांना काय विचारायचं? पुरावा आहे ना समोर."

"तरी ह्याला विचारा एकदा."

काय तो मोठेपणा! जिंकलेला माणूस हरलेल्याची परवानगी मागतो तसा. माझ्या अंगाचा भडका उडाला. इंदूताईंनी पाटी मांडीवर घेतली, ब्रश रंगात बुडवला आणि 'ह' काढला. सावकाश, वळणदार. मग 'ण'.

मी लोकांना नंतर सांगताना म्हणायचो की माझं मन मला खाऊ लागलं. खोटं आहे. मन वगैरे काही नाही. तो 'ण' मला बघवेना. जगात कुणाच्याही नावाची पाटी लागली असती तर मी गप्प बसलो असतो. 'करणारा माहीत नाही' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण हणमंत नको!

"थांबा!" मी ओरडलो. "तो माझा आहे."

"अहो, पण नंबर..."

"नंबर खोटा आहे. मी घातला. माझा सात होता, तो तासला आणि एक मारला. ह्याच्या एकाचे सात केले. न्याहारीच्या वेळेला. मीच केलं ते."

माळी हातातली माती झाडत दूर गेला. इंदूताई ब्रश धरून तशाच बसल्या. मी हणमंताकडं बघत होतो. मला वाटलं चिडेल, भांडेल. मला भांडण हवंच होतं. तर हा गडी मटकन त्या गोल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि टोपी काढून चेहरा पुसायला लागला.

"एकेचाळीस वर्षं लावलीस, मन्या," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"आंधळा आहे का मी? वर चढवला तेव्हाच कळलं."

"मग फेटा का घेतलास?"

"मिस्त्रींनी नाव घेतल्यावर चारचौघांत मी त्यांना खोटं पाडू? फेटा घेऊन घरी आलो आणि त्यांच्या पायाशी ठेवला. म्हटलं, मिस्त्री, तो माझा हंस नाही. म्हणाले, ठाऊक आहे मला. म्हटलं, उतरवून बदलूया. तर म्हणाले..." इथं हणमंतानं आवाज बदलला. खाली घेतला, जरासा खरखरीत. "'मन्यानं आपल्या हातानं चढवलाय. आपल्या तोंडानं सांगंल तवा उतरवू. तवर तू बोलायचं न्हाई.' आता सांग, मी काय करायचं?"

"दादांना माहीत नव्हतं. तू रचून सांगतोयस."

"कुसवाची दुसरी बाजू बघ. मिस्त्रींनीच सांगितलं होतं मला."

मी हंस मांडीवर घेतला. पंच्याच्या टोकानं माती काढली. एका बाजूला माझी एक रेघ. पलटून दुसरी बाजू पुसली, आणि तिथं रेघा होत्या. बोटानं मोजल्या. सात. सातही किंचित कललेल्या. दादा डावखुरे होते, त्यांची रेघ कायम अशी कलायची.

मग मला तो दिवस आठवला. परांचीवर दादा, आम्ही खाली. दादांनी एक नंबर मागितला, मी माझा हंस वर दिला. त्यांनी भोकात घालून बघितला. रंधा मारल्यामुळं कुसू सुताभर सैल झालं होतं. दादा म्हणाले, "सैल का रं झालं हे?" आणि खाली माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लाकूड आकसलं असेल. "आसंल," म्हणाले. मग पाठ वळवून बसले आणि पटाशीचे ठोके ऐकू आले. मी समजलो पाचर तासतायत. पाचरच मारली त्यांनी, पण आधी हे केलं. मग हंस ठोकून बसवला आणि म्हणाले, "ज्याला जिथं बसायचं तिथं बसू दे." मला वाटलं होतं, हंसाबद्दल बोलतायत.

"वाट बघत होते," हणमंत म्हणाला. "मी पुण्याहून यायचो तेव्हा दरवेळी विचारायचे, 'मन्या तुला काय बोलला का?' मी म्हणायचो, नाही. अकरा वर्षं विचारलं. शेवटच्या दुखण्यात सुद्धा."

शेवटच्या दुखण्यात मी रोज त्यांच्या उशाशी बसायचो. औषध द्यायचो, पाय चेपायचो. मला त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

मला काहीतरी टोचेल असं बोलायचं होतं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हटलं, "तुला एक नंबर दिला आणि मला बायकांच्या जिन्यात टाकलं. हे नसतं केलं तर मी तरी कशाला..."

"अरे गाढवा!" हणमंत एकदम उठला. साहेबपणा गेला कुठल्या कुठं. "शाळेत पोरांना शिकवलंस ना जन्मभर? उंचावरचं काम खोल आणि ढोबळ का करतात?"

"खालून दिसावं म्हणून."

"आणि बारीक काम कुठं लावतात?"

मी मांडीवरच्या हंसाकडं बघितलं. इंदूताईंनी मघाशीच विचारलं होतं, एवढं नाजूक काम कुणी एवढ्या उंचावर लावतं का. हे मी शाळेत दरवर्षी सांगत होतो, फळ्यावर चित्र काढून. माझ्या स्वतःच्या हंसापाशी मात्र ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

"तो जिना अरुंद," हणमंत म्हणाला. "बायका वळणावर टेकायच्या, दम घ्यायच्या. तिथं हाताशी येणारा हंस हवा. मान आवळलेला, कुणाला न लागणारा. पिसं बारीक, कारण नाक लावून बघणार. मिस्त्री म्हणाले होते, 'माणसाचा हात लागंल ते काम मन्याचं. मला जमायचं न्हाई तसलं.' मला म्हणाले होते, मन्या! मी तेव्हा एवढा जळलो, की दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही. मला कळायचं ना, मला शेजारी बसवून शिकवतात, कारण मला यायचं नाही. तुझ्याजवळ थांबायची त्यांना गरज नव्हती."

इंदूताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या जिन्यात होता तो लांब चोचीचा..."

"माझा," हणमंत म्हणाला. "दाराच्या डोक्यावर असता तर झेपावलेला दिसला असता."

"अगं बाई! तो होय!" इंदूताईंनी तोंडावर हात घेतला. "किती साड्या फाटल्या हो त्या चोचीनं! माझा पदर दोनदा अडकला. आम्ही काय काय शिव्या द्यायचो. मग मॅनेजरनं करवतीनं चोचच कापून टाकली."

"माझ्या बायकोचीही फाटली," हणमंत म्हणाला. "लग्नानंतर पहिलं नाटक दाखवायला आणलं होतं. वर गेली आणि तणतणत खाली आली. म्हणाली, कुठल्या मेल्यानं हा पक्षी केलाय? मी म्हटलं, असेल कुणीतरी."

तो हसला. मी हसलो नाही. मी विचारलं, "तो कुठंय आता?"

"पाडताना आलो होतो मी. शोधला. चोच नसलेलं लाकूड कोण ठेवणार? वखारीत गेला म्हणाले, जळणात."

तो हंस त्याच्या आयुष्यातला पहिला. तो शिकला होता तेवढं सगळं त्यात घातलेलं. मी बघितला होता ना तो, माझ्याच हातानं सहा रेघा मारल्या होत्या त्याला. तो जर त्याच्या जागी चढला असता, तर आज ह्या बुंध्यावर तो असता, आणि माझा तेवढा जिन्याबरोबर गेला असता, पण चाळीस वर्षं हजारो हात त्यावरून फिरून. ह्यातलं काय बरं झालं असतं ते मला अजून ठरवता येत नाही.

"हणम्या," मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला. "भूक लागलीय."

इंदूताईंनी 'हण' रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं आणि ब्रश परत बुडवला. "केला मनोहर पांचाळ यांनी. आणि होता कुठं? मुख्य दरवाजा लिहू?"

"नको," मी म्हटलं. "नंबर सात लिहा."

"त्यातून लोकांना काय कळणार?"

"न कळू दे."

त्यांनी हणमंताकडं बघितलं. त्यानं मान हलवली, तेव्हा त्यांनी लिहिलं. अजून आहे ती पाटी. 'हंस. केला मनोहर पांचाळ यांनी. नंबर सात.' बागेत येणारे विचारतात, बाकीचे सहा कुठं आहेत.

संध्याकाळी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी लागायची होती. बाकावर शेजारी शेजारी बसलो, शेंगदाण्याची पुडी मध्ये. पाटी मिळाली होती, नाव मिळालं होतं, हंस माझा होता. हायसं वाटायला हवं होतं. आणि मी तिथं बसून पुन्हा त्याच्यावरच जळत होतो. दादा माझ्याबद्दल जे काही चांगलं बोलले ते सगळं ह्याच्याजवळ बोलले होते. अकरा वर्षं. माझं कौतुक ह्यानं ऐकलं होतं, आणि मी फक्त "बरंय" ऐकलं होतं. आणि आवाज? मघाशी त्यानं दादांचा आवाज काढला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तो विसरलो होतो. ह्याच्याकडं तोही होता.

गाडी लागली. हणमंत पिशवी उचलून उठला.

मी त्याची बाही धरली. "ते परत सांग."

"काय?"

"दादा म्हणाले ते. हाताचं."

हणमंतानं पिशवी खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं, आणि आवाज खाली घेतला. जरासा खरखरीत.

"'माणसाचा हात लागंल ते काम मन्याचं.'"

"पुढचं."

"'मला जमायचं न्हाई तसलं.'"

कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हटलं, "पुढच्या गाडीनं जा."

तो परत बाकावर बसला.